अकरा घड्याळे, एकच वेळ

"अकरा!" शंकाने वहीत आकडा लिहिला आणि त्याखाली इतक्या जोरात रेघ ओढली की पेन्सिलीचे टोक मोडले. "सोळा पानांत अकरा घड्याळं. आणि अकराच्या अकरा घड्याळांत दहा वाजून दहा मिनिटं!"

"पुन्हा मोज," भिंग म्हणाला.

"तीनदा मोजलीत."

"मग ही पानं त्यांची नाहीतच."

"अरे, हळू बोल ना!"

वाचनालयाच्या सभागृहात त्या सकाळी खुर्च्या मांडणे चालू होते. भिंतीलगत एक आडवी दांडी होती. तिच्यावरून लांब दोऱ्या सोडून सोळा चौकटी टांगल्या होत्या आणि वर फलक होता : 'किल्लीदार, अखेरचा अंक'. किल्लीदार हा चित्रकथेतला, गावोगाव फिरणारा कुलूप दुरुस्त करणारा माणूस. कमरेला चाळीस किल्ल्या, हातात शस्त्र कधीच नाही. कुणा बलवान माणसाने कुणा दुबळ्याला जिथे कोंडले असेल, तिथले दार तो उघडायचा आणि आभार मानायला कोणी वळेपर्यंत निघून जायचा. एकतीस वर्षांत त्याचे एकशे अकरा अंक निघाले. ते सगळे एकाच चित्रकाराने, एकाच टेबलाशी बसून काढले होते.

तो माणूस तीन आठवड्यांपूर्वी गेला. तो कधी सत्काराला गेला नाही, मुलाखतीला बसला नाही. त्याचे छायाचित्र कोणाकडेच नव्हते, म्हणून एका वृत्तपत्राने मृत्यूच्या बातमीबरोबर प्रकाशकाचे छायाचित्र छापले. ती चूक दुरुस्त करून घेण्याची घाई प्रकाशकाने केली नाही.

शंका, भिंग आणि भिंगाची नऊ वर्षांची बहीण चिमटी हे तिघे किल्लीदाराचे भक्त नव्हते. भक्त चुका काढत नाहीत. या तिघांकडे 'चुका-वही' होती. शंकाला प्रत्येक गोष्टीत शंका यायची, भिंगाच्या जाड चष्म्यातून काहीही सुटत नसे आणि चिमटीची बोटे स्थिर राहत नसत. खपली, डबीवरचे लेबल, भिंतीचा पोपडा, जे सुटण्यासारखे असेल ते ती सोडवत बसायची.

दोन वर्षांपूर्वी शंकाने चित्रकाराला पत्र लिहिले होते : 'अंक सत्त्याण्णव, पान सहा. सावल्या संध्याकाळच्या आहेत, मग मनोऱ्यावरच्या घड्याळात पावणेबारा कसे?' उत्तरादाखल एक कार्ड आले. त्यावर एकही शब्द नव्हता, नुसते चित्र होते. एक टेबल, टेबलावर कागद, समोरच्या भिंतीवर पावणेबारा वाजलेले घड्याळ आणि त्या घड्याळातून निघून कागदावर टेकलेला एक बाण.

शंकाला ते समजायला अर्धा दिवस लागला. समजले तेव्हा ती खोलीभर नाचली. गोष्टीत कोणतीही वेळ असो, चित्रातल्या घड्याळात चित्रकार आपल्या भिंतीवरची वेळ काढायचा, ज्या क्षणी ते चित्र कागदावर उतरत असे ती! मग तिघांनी सगळे अंक धुंडाळून सहाशे बारा घड्याळांचा तक्ता केला. त्या तक्त्यात एका माणसाचा आख्खा दिवस दिसत होता. सकाळी नऊ ते दुपारी एक, मग तीन ते सात. एक ते तीन या वेळेचे एकही घड्याळ नव्हते. एकतीस वर्षांत एकही नाही.

आणि आता ही अकरा घड्याळे, एकाच मिनिटाला खिळलेली.

"ए मुलांनो! काचेला हात लावायचा नाही!" प्रकाशनाचे संपादक आतून धावत आले. त्यांच्या एका हातात हार होता आणि दुसऱ्या हातात फोन.

"सर, ही पानं चित्रकारांनी स्वतः काढलीत?" शंकाने विचारले.

"म्हणजे काय! संध्याकाळी पाच वाजता त्यांची बहीण भर सभेत तसं लिहून देणार आहे. आणि हा अंक त्यांचा अखेरचा असला, तरी मालिका आम्ही पुढे चालू ठेवावी अशी त्यांची इच्छा होती, हेही त्याच कागदात आहे."

"पण सगळ्या घड्याळांत दहा-दहाच कसे काय?"

"घड्याळ म्हटलं की त्यात काही ना काही वाजणारच! जा, बाहेर खेळा. सुट्टी आहे ना?"

मुलांनी बाहेर खेळावे, हे मोठ्यांना नेमके तेव्हाच सुचते जेव्हा मुलांनी आत काहीतरी पाहिलेले असते.

"पाच वाजता सही," पायऱ्या उतरताना भिंग म्हणाला. "एकदा सही झाली की संपलं. मग कुणीही किल्लीदार काढायचा आणि म्हणायचं, त्यांचीच इच्छा होती."

"त्यांच्या बहिणीला माहीत नसेल?" चिमटीने विचारले.

"चला, तिलाच विचारू," शंका म्हणाली.

पत्ता कार्डाच्या पाकिटावर होता. दोन वर्षे तो त्यांना पाठ होता आणि तरी ते कधी तिकडे फिरकले नव्हते. ज्याला एकटे राहायचे आहे त्याला एकटे राहू द्यावे, एवढी सभ्यता त्यांच्यापाशी होती. ती प्रौढांपाशी किती आहे, हे त्यांना त्याच दिवशी कळायचे होते.

खाली सायकल दुरुस्तीचे दुकान आणि वर तीन जिने. दार उघडले ते ताठ कण्याच्या एका वृद्ध बाईंनी. त्यांनी बत्तीस वर्षे रुग्णालयात रात्रपाळीची परिचारिका म्हणून काम केले होते, आणि निवृत्तीनंतरही छातीशी टाचलेले, नाडी मोजायचे उलटे घड्याळ त्यांनी काढले नव्हते.

"बाराला पाच कमी आहेत," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे एकला जेवण असतं. तोवर काय ते बोला."

"आजी, आम्ही त्यांचे वाचक आहोत," शंका म्हणाली आणि तिने कार्ड पुढे केले.

आजींनी ते डोळ्यांजवळ नेले. त्यावरच्या बाणावरून हळूच बोट फिरवले. मग म्हणाल्या, "या आत. चपला तिथं काढा. सरळ ओळीत."

खोलीत टेबल होते, दौत होती, कुंचल्यांचा पेला होता आणि समोर ते भिंतीवरचे घड्याळ. भिंगाने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. सहाशे बारा वेळा पाहिलेले घड्याळ त्याने खरेखुरे पहिल्यांदाच पाहिले.

"शेवटची पानं तुम्ही पाहिलीत का, आजी?"

"मी कधीच पाहायची नाही. अंक छापून आला की मगच. तो काम करत असताना मी या उंबऱ्याच्या आत यायची नाही. सोळा जाड पुठ्ठे होते, एवढं ठाऊक आहे. पातळ कागद शाईनं आकसतो म्हणून तो पुठ्ठ्यावरच काढायचा. संपादक आले, गठ्ठा घेऊन गेले. आठवड्यानं येऊन म्हणाले..." त्यांनी पदर सारखा केला. "म्हणाले, 'बाई, वाईट वाटून घेऊ नका. त्यांचा हात थरथरायला लागला होता. पानं छापण्याजोगी नाहीत. आम्ही ती नीट गिरवून घेतो, तुम्ही फक्त त्यांचीच आहेत असं लिहून द्या. त्यांचं हसं व्हायला नको.'"

"आणि खरंच थरथरत होता हात?" भिंगाने विचारले.

"चहाचा कप धरताना तर नव्हता. पण चित्राचा हात निराळा असेल. ती शिकलेली माणसं. मला चित्रातलं काय कळतं?"

नुसती गिरवली असती तर घड्याळे बदलली नसती, हे शंकाला लगेच कळले. बहिणीच्या प्रेमाला धरूनच बहिणीला फसवायचे! भावाची लाज राखण्यासाठी तिनेच त्याच्या नावावर दुसऱ्याची पाने चढवायची!

"आजी, ते शेवटचं पान कधी संपलं, आठवतं?"

"ज्या रात्री तो झोपेत गेला, त्याच दिवशी." आजींचा आवाज कोरडा होता. "त्या दिवशी एकला तो जेवायला आला नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. मी तीन हाका मारल्या. दोन वाजून गेले, मग आला. मी रागावले. फार रागावले. 'अन्न निवलं, माणसानं वाट तरी किती बघायची,' असं म्हटलं. तो काही बोलला नाही. थंड जेवण जेवला आणि वर आणखी मागून घेतलं. असं तो कधी मागायचा नाही."

भिंतीवरचे घड्याळ तेवढे चालू होते.

"संध्याकाळी सही करायच्या आधी एकदा आमच्याकडे बघाल?" शंका म्हणाली.

"बघीन. आता निघा. एक वाजत आला."

अडीच वाजता तिघे पुन्हा सभागृहात शिरले. संपादक जेवायला गेले होते. चौकटी बनवणारे काका शिडीवर चढून दोऱ्यांच्या गाठी आवळत होते.

"काका, मूळ पानं कुठं असतील? प्रकाशनात?" भिंगाने विचारले.

"मला काय ठाऊक, बाबा? मला सोळा छापील कागद दिले, म्हणाले चौकटी करा. केल्या." काका खाली उतरले आणि ओरडले, "ए पोरी! पाठीचा कागद का उचकटतेस? डिंक अजून ओला आहे!"

चिमटीने एक चौकट गर्रकन फिरवली होती. चौकटीच्या पाठीवरच्या तपकिरी कागदाचा कोपरा तिच्या बोटांत आला होता. तिने हात मागे घेतला, पण अर्धाच. "दादा," ती बारीक आवाजात म्हणाली, "इथं आत कुणाचा तरी पाय आहे."

फाटलेल्या कोपऱ्यातून काळ्या शाईचा एक बूट दिसत होता. त्याचा सोल झिजलेला होता आणि एक नाडी सुटलेली होती. हा बूट तिघांनी एकशे अकरा अंकांत पाहिला होता.

"काका," शंका हळूच म्हणाली, "चौकटीच्या पाठीला काय लावलंत?"

"पुठ्ठा! पाठीला आधार लागतोच. मी म्हटलं, पुठ्ठा आणायला हवा. संपादकसाहेब म्हणाले, 'विकत कशाला? हा गठ्ठा घ्या.' मी म्हटलं, 'साहेब, यावर चित्रं आहेत.' ते म्हणाले, 'असू देत, पाठीलाच तर जायचंय.'" काकांनी कपाळाचा घाम पुसला. "मग मी चित्राची बाजू बाहेर ठेवली. म्हटलं, शाई आतल्या काचेकडच्या कागदाला चिकटायला नको. कुणी तरी मन लावून काढलेलं दिसत होतं."

भिंगाने चष्मा काढला आणि बाही डोळ्यांवर दाबली. एका माणसाच्या शेवटच्या कामाचा त्याच्या नकलेला टेकू दिला होता! आणि हे कोणी दुष्ट बुद्धीने, योजून केलेले दिसत नव्हते. समोरच्या पुठ्ठ्याकडे एकदा बघण्याचीही कोणाला गरज वाटली नव्हती, एवढेच. दुष्टपणा करायलाही निदान एकदा बघावे लागते.

"आत्ताच्या आत्ता सगळ्यांना सांगू!" चिमटी म्हणाली.

"कोणाला? त्या संपादकांना? ते चौकटी उतरवतील आणि पानं कायमची गायब होतील," शंका म्हणाली. "नाही. पाच वाजता. आजींसमोर, सगळ्यांसमोर. काका, पाठीचे सगळे कागद सोडवता येतील? मागची बाजू भिंतीकडेच आहे, कोणाला दिसणार नाही."

काकांनी एकदा तिच्याकडे पाहिले, एकदा त्या बुटाकडे. "माझं पोरगं याच्यावर वाचायला शिकलं," ते म्हणाले. "पोरी, ये इकडे. आता उचकट, किती उचकटायचं ते."

पाचाच्या आधीच सभागृह भरले. पुढच्या रांगांत निमंत्रित होते. त्यांच्या हातात निमंत्रणपत्रिका होत्या. मागे भिंतीला टेकून उभे होते ते वाचक. त्यांच्या हातात अंक होते. बस चालवणारे एक काका, दवाखान्यात चिठ्ठ्या देणारी ताई, आईचा हात धरलेल्या दोन मुली.

"बासष्टाव्या अंकात तो विहिरीचं झाकण उघडतो, आठवतं?" बसवाले काका शेजाऱ्याला सांगत होते. "तो अंक वाचताना मी थांबा चुकवला होता."

"तुम्ही चालक ना? मग?"

"तेव्हा प्रवासी होतो हो!"

खरी स्मरणसभा ती तिथे, मागच्या भिंतीपाशी चालली होती. व्यासपीठावर दुसरेच काही चालले होते.

अध्यक्ष बालवाङ्मयाचे ज्येष्ठ समीक्षक होते. चित्रकथा म्हणजे डोळ्यांचा आळस, असे त्यांनी वीस वर्षांपूर्वी लिहिले होते. आज त्यांनी आवाज कापरा करून सांगितले की 'चावीवाला' हा त्यांचा आयुष्यभराचा सोबती होता.

"किल्लीदार!" मागून पाच-सहा जण एकदम म्हणाले.

"तोच तो," अध्यक्ष म्हणाले.

मग प्रकाशक उठले. दिवंगत कलावंत आपल्याला सख्ख्या भावासारखे होते, असे म्हणून ते कलावंताच्या सख्ख्या बहिणीकडे वळले आणि त्यांनी तिच्यापुढे कागद आणि पेन ठेवले. आजींनी पेन उचलले. मग, कबूल केल्याप्रमाणे, मान वर करून सभागृहात पाहिले.

"आजी, सही करू नका!" शंका खुर्चीवर उभी राहिली.

"ही कोण? खाली बसवा तिला!" अध्यक्ष कडाडले.

"बसते. एकच प्रश्न आहे. या सोळा पानांत अकरा घड्याळं आहेत. अकराही घड्याळांत दहा-दहाच का वाजलेत?"

"अहो, दहा-दहाला घड्याळ छान दिसतं!" संपादकांना राहवले नाही. "काटे कसे हसरे वाटतात! जाहिरातीत पाहा, सगळीकडे तसंच असतं. चित्र काढणाऱ्या पोराला मीच तसं सांगित..."

ते थांबले. फार उशिरा थांबले.

"कुठल्या पोराला?" बसवाल्या काकांनी मागून विचारले.

"काका, फिरवा!" भिंग ओरडला.

चौकटीवाल्या काकांनी पहिली चौकट फिरवली, चिमटीने दुसरी. मग मागचे वाचकच पुढे धावले, आणि सोळाच्या सोळा चौकटींनी गर्रकन पाठ वळवली. काळीभोर, सरळ, निःशंक रेघ! प्रत्येक दगड, प्रत्येक किल्लीचे दात, सुटलेली ती नाडी!

"पान एक, नऊ वाजून वीस मिनिटं!" भिंग वाचू लागला.

"पान दोन, पावणेअकरा!" दवाखान्यातली ताई म्हणाली.

"पान पाच, साडेतीन!"

"पान नऊ, सहा वाजून पाच!"

एकेका पानापाशी एकेक वाचक उभा राहून वेळ पुकारत होता, आणि तीन आठवड्यांपूर्वी गेलेला माणूस पुन्हा टेबलाशी येऊन बसत होता.

"ही पानं इथं कशी?" प्रकाशक दातांवर दात दाबून संपादकांना म्हणाले. समोरचा ध्वनिवर्धक चालू होता.

"तुम्हीच म्हणालात ना, कोणाच्या नजरेला पडणार नाहीत अशा जागी ठेवा!" संपादक रडकुंडीला येऊन म्हणाले. हेही सगळ्यांनी ऐकले.

आजी व्यासपीठावरून उतरल्या. त्या घाई न करता, पहिल्या पानापासून एकेक पान पाहत सोळाव्यापर्यंत आल्या. तिथे किल्लीदार एका बंद दारासमोर उभा होता. पुढच्या चित्रात दार उघडे होते. त्यापुढे त्याने कमरेचा जुडगा सोडून उंबऱ्यावर ठेवला होता, चाळीसच्या चाळीस किल्ल्या. शेवटच्या चित्रात तो पाठमोरा चालला होता, रिकाम्या हातांनी, आणि उंबऱ्यावर एक लहान मुलगी जुडगा उचलायला वाकली होती. खाली लिहिले होते, 'समाप्त'. आत, तिच्यामागच्या भिंतीवर, घड्याळ होते.

"एक वाजून पन्नास," चिमटीने वाचले. मग ती गोंधळून शंकाकडे वळली. "पण एक ते तीन तर ते कधीच..."

"एकला हाक मारली होती मी," आजी म्हणाल्या. "तीनदा." त्यांनी काचेशिवाय उघड्या पडलेल्या त्या पुठ्ठ्याजवळ हात नेला, पण टेकवला नाही. "हे करत होता होय? मग सांगायचं ना रे, वेड्या."

मग त्या वळल्या आणि त्यांचा कणा पुन्हा ताठ झाला.

"तुमचे संपादक म्हणाले, त्याचा हात थरथरत होता," त्या प्रकाशकाला म्हणाल्या. "बत्तीस वर्षं मी थरथरणारे हात धरले आहेत. म्हाताऱ्यांचे, घाबरलेल्यांचे, मरणाऱ्यांचे. हा हात थरथरत नव्हता. तुमचा थरथरतोय. पेन घ्या आणि तुम्हीच लिहा. अंक छापायचा तो हा, असाच, आणि यानंतर किल्लीदार नाही. त्यानं 'समाप्त' लिहिलंय. वाचता येतं ना?"

हे सगळे आपण वाचकांसाठी योजलेले गोड आश्चर्य होते, असे सांगण्याचा प्रकाशकांनी प्रयत्न केला. त्यावर जे हसू उठले ते गोड नव्हते. शेवटी त्यांनी लिहिले. दोनशे वाचक साक्षीला होते आणि बसवाल्या काकांनी प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून घेतली.

सभा मोडताना अध्यक्ष मुलांपाशी आले. त्यांनी शंकाच्या डोक्यावर हात ठेवला. "शाबास! अशी चौकस मुलं म्हणजे साहित्याचं भविष्य. मला तर सुरुवातीपासूनच शंका होती."

"साहेब," भिंगाने अत्यंत नम्रपणे विचारले, "तुम्ही किल्लीदारचा कुठला अंक वाचलाय?"

अध्यक्षांना एकदम आठवले की बाहेर गाडी थांबली आहे.

"ही खरी शाबासकी घ्या," चौकटीवाले काका म्हणाले आणि त्यांनी चिमटीच्या हातात तपकिरी कागदाचा एक भला मोठा, डिंकाने चिकट बोळा ठेवला. "उचकटणारी पोरं मला आवडत नाहीत. तू सोडून."

दाराशी आजी थांबल्या होत्या. त्यांच्या काखेत सोळावे पान होते. ते त्यांनी कोणाच्याही हाती दिले नव्हते. त्यांनी तिघांकडे आळीपाळीने पाहिले, जणू ताप किती आहे ते पाहत होत्या.

"उद्या माझ्याकडे जेवायला या," त्या म्हणाल्या. "एक वाजता."

"एकच्या ठोक्याला येतो, आजी!" शंका म्हणाली.

आजींनी छातीवरच्या घड्याळावर तळहात ठेवला.

"या हो कधीही," त्या म्हणाल्या. "उशीर झाला तरी चालेल."